राष्ट्रीय फुटबॉल चषकात गावातल्या हौशी क्लबांना उतरू द्यावे का?

आर्वीकर:
देशपातळीवर बाद पद्धतीच्या स्पर्धा आपल्याकडे आहेत, पण सुपर कप आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि आय-लीग या देशातल्या व्यावसायिक लीगांच्या संघांपुरता आहे आणि १८८८ साली सुरू झालेला ड्युरँड चषक निमंत्रणावर चालतो. त्यामुळे आर्वी, हिंगणघाट किंवा वणीकडच्या हौशी क्लबाने कितीही चांगला संघ बांधला, तरी त्याला साधा अर्ज करण्याचीही सोय नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय चषकात सात हजारांहून अधिक क्लब उतरतात आणि २००० साली चौथ्या श्रेणीतला कॅले हा हौशी क्लब थेट अंतिम सामन्यात पोहोचून नांतकडून २-१ असा हरला होता. आमची पोरे जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर बांबूचे गोलखांब रोवून खेळतात, बाभळीच्या काट्याने चेंडू बसला की सायकलच्या दुकानातून पंक्चर काढून आणतात, आणि वर्षातून गावची एक स्पर्धा संपली की त्यांच्यापुढे काहीच उरत नाही. जिल्ह्यापासून प्राथमिक फेऱ्या घेऊन हे दार उघडलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वरोरेकर:
दादा, तळमळ पटते, पण मार्ग पटत नाही. बाद पद्धतीत पहिल्याच फेरीत निम्मे संघ घरी जातात, म्हणजे खेळाडूंची नोंदणी, जन्माचे दाखले, बूट आणि गाडीभाडे एवढा खर्च करून निम्म्या क्लबांच्या वाट्याला केवळ नव्वद मिनिटे येतात. त्यातही नागपूरच्या सराव असलेल्या संघाकडून दहा गोल खाल्लेली पोरे पुढच्या आठवड्यात मैदानावर येतील का, याची मला खरोखर काळजी वाटते. आमच्या संघातले निम्मे खेळाडू दिवाळीनंतर कापूस वेचायला जातात; तिथली मजुरी किलोमागे मिळते, त्यामुळे मंगळवारी ठेवलेला सामना म्हणजे बुडालेली मजुरी. आधी तालुका लीग उभी करा, जिच्यात प्रत्येक संघाला निदान आठ-दहा सामने मिळतील.

उमरेडकर:
मी पोरांना शिकवतो, म्हणून दोघांनाही सांगावेसे वाटते. फ्रान्समध्ये प्रतिस्पर्धी दोन किंवा अधिक श्रेणी वरचा असेल, तर सामना खालच्या क्लबाच्या मैदानावर होतो. हा नियम आपण घेतला, तर गाडीभाडे मोठ्या संघाला पडेल आणि सामना अख्खे गाव पाहील. सुरुवातीच्या फेऱ्या शेजारच्या तालुक्यांतच आणि फक्त रविवारी ठेवाव्यात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला धरतो आणि मे महिन्यात दुपारी मैदानावर उभे राहवत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीचाच काळ हाती उरतो. लीग मात्र हवीच, कारण सामन्यांची सवय नसलेला संघ आपल्या मैदानावरही टिकत नाही.

आर्वीकर:
वरोऱ्याच्या दादांचा मजुरीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. रविवारची अट मला पूर्ण मान्य आहे. पण लीग होईपर्यंत चषक थांबवावा, हे मान्य नाही. आमच्याकडे लीगची चर्चा मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतो आहे, आणि तेव्हा माझ्यासोबत खेळणाऱ्यांची मुले आता खेळायला लागली आहेत.

वरोरेकर:
रविवार आणि आपले मैदान एवढे लेखी मिळाले, तर आमचा क्लब अर्ज करील. नोंदणीचे पैसे मात्र संघटनेने भरावेत. ती वर्गणी मी पोरांच्या घरी मागायला जाणार नाही.