भरलेली पिकअप मागून बसते: एअरबॅग टाकू की पाटे बदलू?

कच्चारस्ता:
नमस्कार मंडळी. माझी चार दारांची फोर बाय फोर पिकअप आहे. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), सगळं कंपनीचंच. हौद्यावर कॅनॉपी बसवलीय. आत ८० लिटरची पाण्याची टाकी, हत्यारांची पेटी आणि मुक्कामाचं सामान. मागच्या बंपरला दुसरी स्टेपनी आणि डिझेलचे दोन कॅन. महिन्यातले पंधरा दिवस गाडी अशीच भरलेली असते, तीही कच्च्या रस्त्यावर.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रिकाम्या गाडीचं माप ५३५ मिलिमीटर, भरल्यावर ४४०. ॲक्सल आणि रबरी स्टॉपर यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरते, प्रत्येक खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो. लाइट लोअरवर असूनही समोरचे मला डिपर मारतात. स्टिअरिंगही हलकं लागायला लागलंय. दोन इंच उचलणारा किट घेऊ, की पाट्यांना मदत म्हणून एअरबॅग (ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसणारा हवेचा रबरी फुगा)?

धूळधाण:
एअरबॅग. डोळे मिटून. अर्ध्या दिवसाचं काम, हवा भरली की गाडी सरळ. रिकामी असताना हवा कमी करा, कंबर मोडत नाही. जाड पाटे टाकलेत तर रिकाम्या गाडीत बैलगाडीत बसल्यासारखं वाटेल.

पाटेपुराण:
डोळे मिटूनच टाकल्या होत्या मी. तीन वर्षांपूर्वी. सामान जवळपास तुमच्याएवढंच आणि तेही असंच मागे लटकलेलं. दिसायला गाडी झकास सरळ. एका सुकलेल्या ओढ्यात जरा जोरात उतरले, पुढे काही कळलं नाही. मुक्कामावर पोचल्यावर पाहते तर केबिन आणि हौदा यांमधली फट वरच्या बाजूला अंगठाभर आणि खाली करंगळीही शिरेना. चासी वाकली होती.

कारण साधं आहे. पाटा चासीला दोन ठिकाणी धरतो, पुढे हँगरला (पक्क्या कडीला) आणि मागे शॅकलला (झुलत्या कडीला), त्यामुळे भार विभागून जातो. एअरबॅग बसते ॲक्सलच्या बरोबर वर. तिच्यात जितकी हवा जास्त, तितका भार त्या एकाच जागी, आणि वजन मात्र त्याच्या मागे लोंबतंय. गुडघ्यावर ठेवून काठी मोडतात ना, तसंच. थोडा उतार सरळ करायला कमी दाबावर ठीक आहेत, पण सततच्या ओझ्याखाली कच्च्या रस्त्यावर मी तरी पुन्हा टाकणार नाही.

पण कच्चारस्ता, तुम्ही वजनाचा आकडाच दिला नाहीत. आधी वजनकाट्यावर जा. सगळं सामान, भरलेली टाकी आणि बसणारी माणसं यांच्यासकट. एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त मागची. मग दारावरच्या वजनमर्यादेच्या प्लेटशी ताडून बघा. स्प्रिंग बदलल्याने गाडी उंच होते, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी यांची मर्यादा जिथल्या तिथेच राहते. किट विकणारा हे सांगेलच असं नाही.

कच्चारस्ता:
ताई, वाचून घशाला कोरड पडली. लगेच जाऊन केबिनमागची फट बघून आलो, सध्या वरखाली सारखी आहे.

काट्यावर गेलो. पुढे ११५०, मागे १९४०, एकूण ३०९० किलो. प्लेटवर एकूण ३०५० आणि मागच्या ॲक्सलला १८००. म्हणजे एकूण फक्त ४० जास्त, पण मागे १४० जास्त! हे कसं काय?

पाटेपुराण:
तरफ. ॲक्सलच्या मागे ठेवलेला किलो मागच्या चाकांवर किलोपेक्षा जास्त पडतो आणि पुढची चाकं उचलतो. स्टिअरिंग हलकं झालं ते त्यामुळेच. तुमचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३.१ मीटर धरते. स्टेपनी तिच्या स्टँडसकट ४५ किलो आणि ॲक्सलपासून १.३ मीटर मागे असेल, तर मागच्या ॲक्सलवर पडतात ४५ अधिक १९, म्हणजे ६४ किलो. ते १९ पुढून गेले.

खरेदी नंतर करा. दुसरी स्टेपनी खरंच लागते का? एका चांगल्या पंक्चर किटवर माझं भागलंय. टाकी शेपटाकडे असेल तर केबिनच्या भिंतीला टेकवा, पेटी मागच्या सीटच्या पायाशी घट्ट बांधा. मग पुन्हा काटा. त्या आकड्यावरून पाटे निवडायचे.

पाटे घेताना 'किती इंच उचलतो' हे विचारू नका. 'मागच्या ॲक्सलवर कायम इतके किलो असतात, त्याला कोणता संच' असं विचारा. जुन्या संचात एक जाड पाटा घुसवून देणारे भेटतील. ताठपणा जाडीच्या घनात वाढतो, जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. मग सगळा भार तो एकटाच घेतो, बाकीचे नुसते सोबतीला. तुटतो तेव्हा तोच तुटतो.

आणि शॉकअप (स्प्रिंगची उसळी शोषणारे दांडे) जुने ठेवू नका. जास्त ताठ स्प्रिंग दाबली गेली की तितक्याच जोराने परत उसळते, ती धरायला तेवढ्या ताकदीचा शॉकअप हवा. लाटालाटांच्या रस्त्यावर तासभर चालवून एकदा शॉकअपजवळ हात न्या (लावू नका, मी लावलाय), किती तापतो ते कळेल. आतलं तेल तापून पातळ झालं की तो नुसता नळकांडं होऊन लटकतो.

सतराचा_पाना:
ताईंनी सगळं सांगितलं, एक राहिलं. गाडीखाली शिरा आणि मागच्या ॲक्सलवरून चासीकडे एक बारीक दांडी जाते का बघा. तिच्या टोकाला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसलीय त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी उचललीत की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीत मागचा ब्रेक कमी लागतो. गाडी जितकी उचलली तितका दांडीचा ब्रॅकेट वर घेऊन सेटिंग करून घ्या. नव्या बऱ्याच गाड्यांत हे काम ईबीडी (ब्रेकचा दाब वाटून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) करतं, तिथे दांडी नसते.

यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) नवेच घाला, एकदा ताणलेले परत वापरू नका. आणि पाट्याच्या बुशचे (टोकाच्या रबरी नळीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. जॅकवर लोंबत असताना आवळले तर रबर कायम पीळ खाऊन राहतं, लवकर फाटतं.

धूळधाण:
माझ्या एअरबॅगांकडे आता संशयाने बघतोय. उद्या फट मोजतो.

कच्चारस्ता:
उशीर झाला, पण हिशोब देतो. स्टेपनी आणि तिचा स्टँड घरी. टाकी केबिनला टेकवली आणि निम्मीच भरतो. पेटी सीटच्या पायाशी. काट्यावर पुढे १२३०, मागे १७७५, एकूण ३००५. एकही पार्ट न बदलता मागचं माप ४४० वरून ४५४ झालं.

त्या आकड्यावर पाट्यांचा पूर्ण संच आणि चारही शॉकअप घेतले. भरल्यावर आता ५०५. दांडी माझ्या गाडीत होती. फिटरने तिला हातही लावला नव्हता, विचारल्यावर म्हणाला 'काही फरक पडत नाही'. फरक पडला. ब्रॅकेट सरकवल्यावर ब्रेक मारताना नाक पूर्वीइतकं खाली जात नाही. हेडलाइट पुन्हा सेट केले, डिपर बंद. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्टला टॉर्क पाना लावला तर आठांपैकी तीन नट अजून फिरले.

रिकामी गाडी मात्र आपटते, धूळधाण म्हणाले तेवढी नाही तरी आपटते. आणि टाकीचा नळ आता पार आत गेलाय, तांब्याभर पाण्यासाठी हौद्यात रांगत जावं लागतं.

सतराचा_पाना:
नळाला दोन मीटर पाइप जोडा आणि शेपटाला एक कॉक बसवा. पाइपचं वजन मी माफ करतो.