‘गाठ हाडात पसरली’ म्हणायचं की ‘मुरली’?

खानापूरहून प्रश्न:
आत्याच्या उजव्या डोळ्यामागं गाठ निघालीय, डोळा थोडा पुढं आलाय. रिपोर्टात ‘स्कल बेस मेनिन्जिओमा’ आणि ‘बोन इन्व्हेजन’ लिहिलंय. दवाखान्यात कन्नड, इंग्रजी, मराठी सगळं मिसळून सांगितलं. काकांनी घरी येऊन ‘गाठ हाडात पसरलीय’ असं सांगितल्यावर आजीनं जेवणच टाकलं. ‘इन्व्हेजन’ला नेमकं काय म्हणायचं? आणि ‘इमेज गायडेड’ म्हणजे दुर्बिणीचंच ऑपरेशन काय?

निपाणीहून:
‘शिरली’ म्हणा. ‘पसरली’ म्हटलं की माणूस कॅन्सर अंगभर गेला असंच समजतो.

बेळगावहून:
मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होते. निपाणीच्या दादांचं बरोबर आहे. एका जागची गाठ दुसऱ्या अवयवात जाऊन उगवली, तर ते पसरणं. शेजारच्या हाडात घुसली, तर ते वेगळं. मेनिन्जिओमा मेंदूवरच्या आवरणातून वाढतो, बहुतेक वेळा सावकाश, आणि बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. तरी त्याच्या पेशी हाडात जातात, आणि ते हाड झिजायच्या ऐवजी उलट जाड होतं. डोळ्यामागचं हाड जाड झालं की डोळा पुढं ढकलला जातो. भिंतीत पाणी मुरतं तशी ही गाठ हाडात मुरते, कडा सापडत नाही. म्हणून मला ‘शिरली’पेक्षा ‘मुरली’ जास्त बरोबर वाटतं.

‘हाड खाल्लं’ हा शब्द कॉर्डोमा नावाच्या दुसऱ्या गाठीसाठी ठेवा. तो कवटीच्या तळाच्या मधल्या हाडात होतो, फार क्वचित, आणि हाड खरोखर पोखरतो. आत्याच्या बाबतीत ‘खाल्लं’ म्हटलं तर अर्थच उलटा होतो.

चिक्कोडीहून:
कन्नडमध्ये ‘गड्डे’ म्हणतात. आमच्याकडच्या मराठी बायका ते ऐकून डोक्यात खड्डा पडलाय असं समजतात. कन्नड गड्डे म्हणजे कंद किंवा गाठ, आपल्या कोबीच्या गड्ड्याच्या जवळचा अर्थ. घरात हे आधी सांगा.

खानापूरहून:
आणि ते इमेज गायडेड? काका म्हणतात मशीनच ऑपरेशन करतं.

बेळगावहून:
हात सर्जनचाच, दादा. मशीन फक्त जागा दाखवतं. आधी बारीक कापांचा सीटी काढतात, त्यात हाड स्पष्ट दिसतं. एमआरआयमध्ये गाठ, नसा, मेंदू दिसतात. कॉम्प्युटर दोन्ही एकमेकांवर बसवतो. डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट धरतात, चेहऱ्यावरचे बिंदू स्कॅनशी जुळवतात, मग सर्जन हत्याराचं टोक जिथं टेकवतील ती जागा पडद्यावर उमटते. दुर्बीण वेगळी: तिच्यातून समोरचं दिसतं, हाडापलीकडचं नाही. दोन्ही एकाच ऑपरेशनात वापरतात, म्हणून गोंधळ होतो.

मुरलेल्या हाडात याचा फार उपयोग. ड्रिलनं हाड घासत जाताना रोगी हाड कुठं संपलं ते डोळ्यांना नेहमी कळत नाही, आणि पलीकडं दृष्टीची नस असते, मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी असते. शिवाय कवटी उघडल्यावर आतलं पाणी निघून मेंदू थोडा सरकतो, पण तळाचं हाड हलत नाही. त्यामुळं तिथं आधीचा स्कॅन जास्त भरवशाचा. तरी मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चूक राहू शकते, आणि घासून काढलेलं हाड जुन्या स्कॅनमध्ये तसंच दिसत राहतं. काही ठिकाणी म्हणून ऑपरेशन चालू असतानाच पुन्हा सीटी काढतात.

आम्ही नातेवाइकांना ‘स्कॅन बघत केलेलं ऑपरेशन’ असंच सांगायचो. ‘प्रतिमा-मार्गदर्शित’ कागदावर ठीक आहे, आजीला काय कळणार?

कारवारहून:
‘स्कल बेस’ला ‘डोक्याचा खालचा भाग’ म्हणू नका, लोक मानगुटीला हात लावतात. ‘कवटीचा तळ’ म्हणा, आणि मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो ते हाड, डोळ्यांच्या मागून मानेपर्यंतचं, असं बोटानं दाखवा.

खानापूरहून:
आजीला आज रात्री ‘मुरली’ म्हणूनच सांगतो. पसरली नाही, हे पहिल्यांदा.