वर्ड फॉर्ममधली बेरीज चुकते, मॅक्रो कसा लिहावा?

प्रश्न
वर्डमधली लेगसी फॉर्म फील्ड (जुन्या पद्धतीचे भरायचे रकाने) वापरून तक्ता केलाय. नग, दर, रक्कम अशा ओळी आणि एकूण रक्कम सगळ्यात वर. 'कॅल्क्युलेट ऑन एक्झिट' (रकान्यातून बाहेर पडताच हिशोब) सगळीकडे लावलंय, तरी वरची बेरीज एक आकडा मागेच राहते. कॉपी करून वाढवलेल्या ओळींत तर पहिल्याच ओळीची रक्कम दिसते. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर १
ही दोन वेगळी दुखणी आहेत. फील्ड कॉपी केलं की सूत्र जसंच्या तसं येतं, बुकमार्कचं नाव, म्हणजे सूत्रात फील्ड ओळखायचं नाव, येत नाही. म्हणून नवी ओळही पहिल्याच ओळीचे नग आणि दर गुणते. प्रॉपर्टीज उघडून प्रत्येक फील्डला वेगळं नाव द्या, सूत्रातही तेच घाला. 'ए१', 'बी२' असली नावं मात्र नकोत, वर्ड त्यांना तक्त्यातल्या सेलचा पत्ता समजतं.

बेरीज मागे राहते कारण वर्ड फील्ड वरून खाली मोजत जातं. वरची बेरीज होते तेव्हा खालची रक्कम जुनीच असते. बेरीज तक्त्याखाली नेता आली तर मॅक्रोची (वर्डमध्ये आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) गरजच नाही.

उत्तर २
वरच ठेवायची असेल तर मॅक्रो घ्या. रक्कम आणि बेरीज ही फील्ड 'कॅल्क्युलेशन'ऐवजी 'रेग्युलर टेक्स्ट' करा आणि 'फिल-इन एनेबल्ड'ची खूण काढा, म्हणजे त्यांत कोणाला टाइप करता येणार नाही. मॅक्रोने नग गुणिले दर स्वतः काढून उत्तर थेट फील्डच्या 'रिझल्ट'मध्ये लिहावं. त्यासाठी फॉर्मचं संरक्षण (फक्त रकानेच भरू देणारं कुलूप) काढावं लागत नाही. सगळी फील्ड नव्याने मोजणारं 'फील्ड्स अपडेट' वापरायचं तर ते काढावं लागतं, आणि परत लावताना 'नो-रीसेट' ट्रू दिलं नाही तर भरलेला सगळा फॉर्म कोरा होतो. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

मॅक्रो साध्या मोड्यूलमध्ये (कोड ठेवायच्या पानात) ठेवा, नग आणि दराच्या प्रत्येक फील्डला 'रन मॅक्रो ऑन एक्झिट'मध्ये जोडा. फाइल डॉकएम म्हणून सेव्ह करा, डॉकएक्समध्ये मॅक्रो राहत नाही.

प्रश्नकर्ता
जमलं, धन्यवाद! पण दर १,२५० लिहिला की १ धरला जातो.

उत्तर २
मजकुराचा आकडा करायला 'व्हॅल' वापरलंय ना? ते स्वल्पविरामापाशी थांबतं. आधी 'रिप्लेस'ने स्वल्पविराम काढा. आकडा करणाऱ्याच दुसऱ्या 'सीडीबल'ला स्वल्पविराम चालतो, पण रिकाम्या मजकुरावर ते 'टाइप मिसमॅच' ही चूक देतं, म्हणून मजकूर आकडाच आहे ना ते आधी 'इजन्युमेरिक'ने तपासा.

उत्तर १
पैशांच्या पूर्णांकनासाठी 'राउंड' टाळा. व्हीबीएत (मॅक्रोच्या भाषेत) ते नेमका अर्धा असेल तर सम अंकाकडे वळतं: २.५ चे २ होतात. 'फॉरमॅट' ३ देतं.