झारची पहिली गार्ड पायदळ डिव्हिजन 1917 मध्ये झारच्या बाजूने का उभी राहिली नाही?

उत्तरवाट:
रशियन साम्राज्याच्या पहिल्या गार्ड पायदळ डिव्हिजनविषयी सध्या वाचतो आहे. प्रेओब्राझेन्स्की, सेम्योनोव्स्की, इझ्माइलोव्स्की आणि येगेर्स्की या तिच्या चार रेजिमेंट म्हणजे एका अर्थी झारची हुजुरात. पहिल्या दोन तर झार पीटरने (पुढचा पीटर द ग्रेट) किशोरवयात मॉस्कोजवळच्या प्रेओब्राझेन्स्कोये आणि सेम्योनोव्स्कोये या गावांत खेळातल्या लढायांसाठी जमवलेल्या पोरांतून उभ्या राहिल्या. 1700 साली नार्वा येथे स्वीडिश सैन्यापुढे बाकीची फौज उधळली, तेव्हाही त्या जागच्या हलल्या नाहीत. अशा परंपरेच्या फौजेने फेब्रुवारी 1917 च्या क्रांतीत राजधानी पेत्रोग्राडमध्ये सिंहासन वाऱ्यावर सोडले, हे कोडे मला उलगडत नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

पानगळ:
माझ्या मते कोडे प्रश्नाच्या मांडणीतच आहे, कारण गार्डची, म्हणजे झारच्या या खास सैन्याची, निष्ठा सिंहासनावर असली, तरी त्यावर कोण बसावे हे आपण ठरवू शकतो अशी तिची समजूत अठराव्या शतकापासूनच होती. नोव्हेंबर 1741 मध्ये पीटरची मुलगी एलिझाबेथ प्रेओब्राझेन्स्कीच्या ग्रेनेडियर कंपनीच्या बळावर गादीवर आली आणि त्या कंपनीतल्या साध्या शिपायांनाही तिने वंशपरंपरागत उमरावपद बहाल केले. 1762 मध्ये नवऱ्याला, म्हणजे झार तिसऱ्या पीटरला, पदच्युत करायला निघालेली कॅथरीन सर्वप्रथम इझ्माइलोव्स्कीच्या बराकींत गेली. 1801 मध्ये झार पॉलचा त्याच्याच महालात खून झाला, त्या रात्री बाहेरचा पहारा सेम्योनोव्स्कीकडे होता.

जुनीबखर:
पानगळ यांनी दिलेले दाखले खरे आहेत; मात्र 1762 आणि 1801 चे कट अधिकाऱ्यांचे होते, त्यांवरून शिपायाची वृत्ती समजत नाही. ती समजून घ्यायची तर 1820 चे सेम्योनोव्स्की प्रकरण पाहावे. त्याआधी या डिव्हिजनने नेपोलियनशी झुंज दिली होती. 1812 मध्ये मॉस्कोजवळच्या बोरोदिनोच्या लढाईत येगेर्स्कीच्या शिपायांना पहाटेच बोरोदिनो गावातून मागे हटावे लागले, तर इझ्माइलोव्स्कीने चौकोनी रचना करून फ्रेंच घोडदळाचे हल्ले परतवले. ऑगस्ट 1813 मध्ये बोहेमियातील कुल्म येथे याच डिव्हिजनने फ्रेंच सेनापती वांदामच्या सैन्याची वाट अडवून धरली आणि माघार घेणाऱ्या मित्रसैन्याला वाचवले. त्या लढाईत सेनापती ओस्टरमान-टोल्स्टॉय यांनी डावा हात गमावला.

अशा डिव्हिजनमधल्या सेम्योनोव्स्कीच्या शिपायांवर पुढे कर्नल श्वार्त्झ हा फटक्यांवर आणि कवायतीतल्या बारीकसारीक चुकांवर भर देणारा अधिकारी नेमला गेला. ऑक्टोबर 1820 मध्ये पहिल्या कंपनीने त्याच्याविरुद्ध तक्रार मांडली आणि तिची रवानगी पीटर-पॉल किल्ल्यातल्या कोठडीत झाली. हे कळताच इतर कंपन्या मैदानात जमल्या. पहिली कंपनी म्हणजे रेजिमेंटचे डोके, ते परत मिळेपर्यंत आम्ही रांगेत उभे राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी अख्खी रेजिमेंट एकही हत्यार न उचलता किल्ल्याकडे स्वतःहून चालत गेली. मला हे बंड वाटतच नाही. झार पहिल्या अलेक्झांडरला मात्र त्यात गुप्त मंडळींचा हात दिसला, त्याने जुनी रेजिमेंट मोडून शिपाई दूरदूरच्या तुकड्यांत विखुरले आणि त्याच नावाची रेजिमेंट नव्याने उभी केली.

उत्तरवाट:
दोघांचे आभार. मग डिसेंबर 1905 मध्ये मॉस्कोचा उठाव निर्दयपणे चिरडणारी हीच सेम्योनोव्स्की एका बाजूला आणि 1917 दुसऱ्या बाजूला, या दोहोंची सांगड कशी घालायची? अवघ्या अकरा वर्षांत एवढा पालट?

तोफखाना_नव्हे:
1905 नंतरही सारे आलबेल नव्हते. 1906 च्या उन्हाळ्यात प्रेओब्राझेन्स्कीच्या पहिल्या बटालियनने मागण्या मांडल्या, तेव्हा तिचा गार्डचा दर्जा काढून तिला नोव्हगोरोद प्रांतातल्या मेद्वेद या खेड्यात पाठवण्यात आले. परंतु आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर याहून सरळ आहे: फेब्रुवारीत राजधानीत जी होती, ती ही डिव्हिजन नव्हतीच.

खरी डिव्हिजन 1914 पासून पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर होती आणि 1916 च्या उन्हाळ्यात कोवेलच्या दिशेने, स्तोखोद नदीकाठच्या दलदलीतून हल्ले चढवताना गार्डची अतोनात हानी झाली. कंबरभर चिखलात शत्रूच्या मशीनगनसमोर दाट रांगांनी चालत जाणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. जुने अधिकारी आणि मुरलेले शिपाई तिथे संपले. गार्डचा सेनापती बेझोब्राझोव्ह याला पदावरून दूर केले, पण माणसे थोडीच परत येणार होती! पेत्रोग्राडच्या बराकींत राहिल्या त्या याच नावांच्या राखीव बटालियन. त्यांत नुकतेच भरती झालेले शेतकरी, कामगार आणि बरे होऊन आलेले जखमी दाटीवाटीने कोंबलेले होते. आपल्याला आज ना उद्या आघाडीवर धाडणार, एवढेच त्यांना ठाऊक होते. गर्दीवर गोळीबार करण्याचा हुकूम त्यांना मिळाला आणि 27 फेब्रुवारीला (जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे) आधी व्होलिन्स्की या दुसऱ्या गार्ड रेजिमेंटची राखीव तुकडी उठली, मग शेजारच्या प्रेओब्राझेन्स्कीचे राखीव शिपाई तिला मिळाले.

त्या दिवशी शहरात खऱ्या प्रेओब्राझेन्स्कीतला एक अधिकारी होता, तो म्हणजे रजेवर आलेला कर्नल कुतेपोव्ह. हाताशी लागतील त्या कंपन्या एकत्र करून त्याला लितेयनी रस्त्याकडे पाठवण्यात आले. संध्याकाळपर्यंत त्याचे लोक गर्दीत विरघळून गेले. तो आघाडीवर परतला, रेजिमेंटचा शेवटचा कमांडर झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती विसर्जित करण्याचे कामही त्याच्याच वाट्याला आले.