‘पॅसेंजर टू फ्रँकफर्ट’ पुढे का ढेपाळते?

प्रश्न (म्हापसा): पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून अगाथा ख्रिस्ती यांची १९७० सालची ही हेरकथा आणली. विमानतळावर एक अनोळखी स्त्री राजनैतिक अधिकाऱ्याकडे त्याचा पासपोर्ट मागते, ही सुरुवात इतकी पकड घेणारी आहे की पुढचा विसविशीतपणा अधिकच खुपतो. दोष माझ्या वाचनाचा की पुस्तकाचा?

उत्तर (मडगाव): पुस्तकाचाच. बाईंचे बळ मोजके संशयित आणि बंदिस्त जागा यांत होते. येथे जगभरातील तरुणांचे बंड, हिटलरचा कथित मुलगा आणि बैठकांमागून बैठका अशा पसाऱ्यात वाचकाला तर्क लढवायला जागाच उरत नाही. वयही ऐंशीचे होते, हे विसरू नये.

उत्तर (फोंडा): वयाचे कारण मला अपुरे वाटते. १९४१ची ‘एन ऑर एम?’ हीसुद्धा हेरकथाच, पण ती जमली, कारण शत्रूचा हस्तक समुद्रकाठच्या एका निवासगृहातील पाहुण्यांतच शोधायचा होता. म्हणजे हेराचा वेश घेतलेली रहस्यकथाच ती! ‘फ्रँकफर्ट’ला तर त्यांनी स्वतःच ‘एक्स्ट्राव्हॅगान्झा’ (म्हणजे भपकेबाज, अतिरंजित कल्पनाखेळ) असे उपशीर्षक दिले होते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आता ‘एन ऑर एम?’ शोधतो, ‘फ्रँकफर्ट’ची शेवटची साठ पाने तशीच परत करीन म्हणतो.