एंट्री फी ही नुसती बोहनी

केप एपिक या माउंटन बाइक शर्यतीच्या फीचा आकडा पाहून बरेच जण दचकतात. पण दक्षिण आफ्रिकेतल्या या 8 दिवसांच्या शर्यतीत फीमध्ये निदान तंबू आणि जेवण तरी येतं. विमानाचं भाडं आणि रोजचा मेकॅनिक वेगळा.

खिशाला खरा खड्डा पडतो तो झिजेने. तिथली बारीक वाळू चेनच्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. 12 गिअरची (12-स्पीड) चेन गेजवर, म्हणजे झीज मोजायच्या पट्टीवर, 0.5 टक्के ताण दाखवायला लागली की काढाच. आळस केलात तर कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) जाते, आणि ती चेनच्या कैक पट महाग. पाऊस झाला तर ऑरगॅनिक, म्हणजे मऊ मिश्रणाचे, ब्रेक पॅड एका दिवसात मागच्या पत्र्यापर्यंत झिजू शकतात. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, घ्या, किंचाळले तरी चालतील. डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) मात्र आपल्याच फ्रेमचा, आणि दोन. दुसऱ्याचा बसेलच असं नाही.

ही शर्यत दोघांच्या जोडीने करायची, आणि गंमत आहे ती जोडीत: दोघांत 2 मिनिटांहून जास्त अंतर पडलं की वेळेचा दंड. त्यामुळे जोडीदार दमाने नव्हे, स्वभावाने निवडावा.

फी नकोच असेल तर टूर डिव्हाइड ही सायकल शर्यत आहे. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत 4,300 किमीहून जास्त. ना फी, ना बक्षीस. सुट्टी मात्र तीन-चार आठवड्यांची काढावी लागते, बिनपगारी.