'डेक्स्टरस' म्हणजे नुसतं 'कुशल' लिहून चालते का?

दारव्हा अभ्यासिका
बारावीच्या पोरांच्या शब्दांच्या वहीत 'डेक्स्टरस' आला आहे. कोशात 'कुशल, निपुण' एवढंच दिलं आहे. मग 'स्किलफुल'पेक्षा यात वेगळं काय? स्पेलिंगही दोन दिसतात: एकात 'टी'नंतर 'ई' आहे, एकात नाही. आणि शब्द मुळात कुठला?

वरूडकर
भाऊ, 'कुशल' चूक नाही, पण ढोबळ आहे. या शब्दात आधी हात आणि बोटं येतात. पऱ्हाटीच्या फुटलेल्या बोंडातून काडीकचरा न येऊ देता दोन्ही हातांनी झरझर कापूस वेचणारी बाई डेक्स्टरस. कोणत्या वावरात काय पेरावं हे अचूक सांगणाऱ्याला 'नॉलेजेबल' म्हणा, डेक्स्टरस नाही. डोक्याच्या कामालाही शब्द चालतो, पण तिथंही चपळाई हवी: उलटतपासणीत प्रश्न झटकन फिरवणारा वकील, असा. म्हणून मराठीत मी 'हाताचा सफाईदार' लिहीन, आणि वकिलासाठी 'चतुर'.

स्पेलिंग दोन्ही बरोबर, 'ई'वालं जास्त चालते. 'डेक्स्टेरिटी' या नामात मात्र 'ई' हवाच, आणि जोर 'टे'वर. 'ॲम्बिडेक्स्ट्रस'मध्ये (दोन्ही हात सारखेच चालणारा) 'ई' घालू नका, पोरं हमखास तिथंच घसरतात.

वणीची वाचक
उगमाचं मी सांगते, कारण तो आपल्या अगदी घरातला आहे. लॅटिन 'डेक्स्टर' म्हणजे उजवा. आपला 'दक्षिण' त्याच मुळातून आला. पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला येतो. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो. संस्कृतात 'दक्षिण'चा अर्थ उजवा आहे तसा कुशलही आहे, म्हणजे लॅटिनसारखीच उडी इथंही पडली.

'ॲम्बिडेक्स्ट्रस'चा शब्दशः अर्थ दोन्हीकडून उजवा. अर्जुनाचं 'सव्यसाची' हे नाव नेमकं उलट बाजूनं येते: तिथं सव्य म्हणजे डावा, डाव्या हातानंही बाण सोडणारा. (मराठीत सव्य उजव्यासाठीही वापरतात, म्हणून वर्गात हे फोडून सांगा.) लॅटिनमध्ये डाव्याला 'सिनिस्टर', त्याचा इंग्रजीत अर्थ झाला अशुभ. पण आजच्या वापरात डावखुरं पोरगंही खुशाल डेक्स्टरस असते, हे त्याच्यासमोर जरूर सांगा.

सलाईनच्या बाटलीवरचं 'डेक्स्ट्रोज'ही याच घरचं. ही साखर ध्रुवित प्रकाशाचं (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) प्रतल उजवीकडे वळवते, म्हणून ते नाव.

दारव्हा अभ्यासिका
'दक्षिण' उद्याच फळ्यावर घेतो, ताई. 'ही इज डेक्स्टरस टू स्टिच' असं एका पोरानं लिहिलं आहे. कापू का?

वरूडकर
कापा. इथं 'टू' नको. 'ॲट' किंवा 'इन' आणि पुढे 'आयएनजी'चं रूप: 'डेक्स्टरस ॲट स्टिचिंग'. अवजाराचं नाव आलं तर 'विथ': 'डेक्स्टरस विथ अ नीडल'.